देहाची मालकी आणि भयाचे भविष्य : मंजुला पद्मनाभन यांच्या लेखनप्रवासाची स्त्रीवादी चिकित्सा

गोषवारा

मंजुला पद्मनाभन (जन्म १९५३) या भारतीय इंग्रजी साहित्यातील महत्त्वाच्या नाटककार, कथाकार व कादंबरीकार आहेत. विज्ञानकथा आणि भयकथा या दोन्ही प्रकारांचा त्यांनी स्त्रीप्रश्नाच्या मांडणीसाठी सातत्याने उपयोग केला. 'लाइट्स आउट', 'हार्वेस्ट' आणि 'एस्केप' या तीन साहित्यकृती क्रमाने वाचल्या असता स्त्रीदेह प्रथम पाहण्याची वस्तू, नंतर विक्रीची वस्तू आणि शेवटी नष्ट करण्याची वस्तू कसा होत जातो, याचा एक सलग आलेख हाती येतो. प्रस्तुत शोधनिबंधात हा आलेख तपासला आहे. मुलींचे प्रमाण चिंताजनक असलेल्या जळगाव जिल्ह्यातील वाचकाला हे साहित्य कोणते प्रश्न विचारते आणि हा वाचक या साहित्याला कोणते प्रश्न विचारू शकतो, याचाही शोध येथे घेतला आहे.

बीजसंज्ञा : स्त्रीवाद, विज्ञानकथा, भयसाहित्य, देहाची मालकी, डिस्टोपिया, बाललिंग गुणोत्तर.

१. प्रास्ताविक

मराठीत विज्ञानकथा हा साहित्यप्रकार स्थिरावल्याला आता अर्धशतक उलटून गेले आहे. मराठी विज्ञान परिषदेची स्थापना १९६६ मध्ये झाली. परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत १९७४ साली डॉ. जयंत नारळीकर यांनी 'नारायण विनायक जगताप' या टोपणनावाने पाठविलेली 'कृष्णविवर' ही कथा पहिली आली आणि पुढे 'यक्षांची देणगी' या संग्रहाने विज्ञानकथेला प्रतिष्ठा मिळवून दिली. याच काळात नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांनी भयकथा व गूढकथा यांचा मोठा वाचकवर्ग घडविला. या दोन्ही प्रवाहांचे कर्तृत्व मान्य करूनही एक गोष्ट नोंदवावी लागते. विज्ञानकथेत स्त्री बहुधा शास्त्रज्ञाची पत्नी, सहायक किंवा वाट पाहणारी प्रेयसी म्हणून येते, तर भयकथेत ती पुष्कळदा भयाचे उगमस्थान म्हणून येते. हडळ, जखीण, चेटकीण, बाळंतपणात मेलेली बाई ही आपल्या भयकल्पनेची जुनी भांडवली नावे आहेत आणि ती सारी स्त्रीलिंगी आहेत.

याला अपवाद नाहीत असे नाही. काशीबाई कानिटकर यांची 'पालखीचा गोंडा' ही कादंबरी १९२८ साली प्रसिद्ध झाली. फसवून लावलेल्या लग्नातून संस्थानाच्या कारभारापर्यंत पोहोचणारी आणि तेथे स्त्रियांच्या हिताची नवी व्यवस्था उभारणारी नायिका तिच्यात आहे. बंगालमधील रुकैया सखावत हुसेन यांच्या १९०५ मधील 'सुलतानाज ड्रीम' या इंग्रजी कथेशी तिचे नाते सहज जोडता येते. अलीकडच्या काळात शुभदा गोगटे, मेघश्री दळवी यांनी मराठी विज्ञानकथेत लक्षणीय भर घातली आहे. तथापि विज्ञानकथा आणि भयकथा या दोहोंना एकत्र आणून, त्यांच्या संयोगातून स्त्रीप्रश्नाची मांडणी करणारा सुमारे चार दशकांचा लेखनप्रवास पाहायचा असेल, तर महाराष्ट्राच्याच राजधानीत घडलेल्या परंतु इंग्रजीतून लिहिणाऱ्या मंजुला पद्मनाभन यांच्याकडे वळावे लागते. त्यांच्या पहिल्या महत्त्वाच्या नाटकामागील घटना सांताक्रूझची आहे आणि सर्वाधिक गाजलेल्या नाटकाचे स्थळ मुंबईतील एका खोलीचे घर आहे. त्या अर्थाने हे साहित्य भाषेने परके असले तरी भूमीने परके नाही.

२. लेखिकेची घडण

मंजुला पद्मनाभन यांचा जन्म दिल्लीचा. वडील परराष्ट्र सेवेत असल्यामुळे त्यांचे बालपण स्वीडन, पाकिस्तान, थायलंड अशा देशांत गेले. १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात मुंबईत राहून चित्रकार म्हणून उपजीविका करतानाचे अनुभव त्यांच्या 'गेटिंग देअर' (२०००) या आत्मपर लेखनात आले आहेत. १९८२ पासून 'संडे ऑब्झर्व्हर' या पत्रात त्यांची 'सुकी' ही चित्रमालिका प्रसिद्ध होऊ लागली. स्वतःच्या तंद्रीत असलेली, कोणाच्याही अपेक्षेप्रमाणे न वागणारी एक तरुणी तिच्या केंद्रस्थानी होती. वर्तमानपत्री चित्रमालिकेतील स्त्री बहुधा विनोदाचे लक्ष्य असण्याच्या त्या काळात विनोद करणारी स्त्री त्यांनी उभी केली.

त्यांच्या चित्रकार असण्याचा उल्लेख येथे केवळ चरित्रात्मक तपशील म्हणून केलेला नाही. कोण पाहते, कोठून पाहते आणि पाहिल्यावर काय करते, हा प्रश्न त्यांच्या साहित्यात वारंवार येतो. 'लाइट्स आउट' मधील खिडकी, 'हार्वेस्ट' मधील छताला टांगलेला पडदा आणि 'एस्केप' मधील सर्वव्यापी पहारा ही त्याच प्रश्नाची तीन रूपे आहेत. 'हॉट डेथ, कोल्ड सूप' (१९९६) आणि 'क्लेप्टोमेनिया' (२००४) या कथासंग्रहांतही वास्तववादी कथेशेजारी विज्ञानकथा सहज नांदते. नवऱ्याच्या मृत्यूनंतर सती जाऊ इच्छिणाऱ्या अमेरिकन स्त्रीची शीर्षककथा किंवा मासिक पाळीच्या विटाळाभोवती फिरणारी 'स्टेन्स' ही कथा पाहता, स्त्रीदेहावर लादलेले सांस्कृतिक अर्थ हा त्यांचा आरंभापासूनचा विषय असल्याचे स्पष्ट होते.

३. 'लाइट्स आउट' : पाहिला जाणारा देह

'लाइट्स आउट' हे नाटक १९८४ च्या सुमारास लिहिले गेले. १९८२ मध्ये सांताक्रूझ येथे घडलेल्या एका घटनेच्या प्रत्यक्षदर्शी कथनावर ते आधारलेले आहे. मध्यमवर्गीय इमारतीतील एका घरात रात्रीच्या जेवणासाठी मित्रमंडळी जमली आहेत. शेजारच्या अर्धवट बांधलेल्या इमारतीतून रोज रात्री एका स्त्रीच्या किंकाळ्या ऐकू येतात. यजमानीण लीला भेदरलेली आहे आणि पोलिसांना कळवावे म्हणून नवऱ्याच्या विनवण्या करते आहे. नवरा भास्कर तिची समजूत घालतो. पाहुणा मोहन तर ते दृश्य पाहण्याच्या कुतूहलानेच आलेला आहे. हा एखादा धार्मिक विधी असेल, भूत उतरविण्याचा प्रकार असेल, ती बाई 'तसलीच' असेल, अशी अनुमाने निघत राहतात. लीलाची मैत्रीण नैना हा बलात्कार आहे असे स्पष्टपणे म्हणते, तेव्हा पुरुषांची चर्चा बलात्काराच्या व्याख्येवर जाते. तिचा नवरा सुरिंदर हत्यारे घेऊन तुटून पडण्याची भाषा करतो, मग छायाचित्रे काढून ती विकण्याच्या कल्पना निघतात आणि निघण्याची वेळ येते तोवर किंकाळ्या थांबलेल्या असतात.

या नाटकाची जात कोणती, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. यात भूत नाही, अतींद्रिय काही नाही. तरीही अंधार, बंद पडदे, दुरून येणारी किंकाळी, वाढत जाणारी रात्र ही भयकथेची सारी सामग्री येथे आहे. भयकथेत नेहमी घर सुरक्षित असते आणि भय बाहेरून आत येऊ पाहते. येथे भय आधीपासून घरात, जेवणाच्या टेबलाभोवती बसलेले आहे. बाहेर जे चालले आहे ते क्रूर आहे. आत जे चालले आहे ते सुसंस्कृत आहे, आणि अधिक भयंकर आहे. 'भूत उतरविण्याचा विधी असेल' हे अनुमान तर भयकथेच्या संकेतावरच केलेले भाष्य आहे. स्त्रीच्या किंकाळीला अलौकिक अर्थ दिला की ऐकणाऱ्यावरची लौकिक जबाबदारी आपोआप संपते.

हे नाटक ज्या काळात जन्मले तो काळही लक्षात घ्यावा लागतो. मथुरा खटल्यातील सर्वोच्च न्यायालयाचा १९७८ चा निकाल, त्याविरुद्ध चार विधिज्ञांनी १९७९ मध्ये लिहिलेले खुले पत्र, १९८० मध्ये मुंबईत उभी राहिलेली बलात्कारविरोधी चळवळ आणि १९८३ ची कायद्यातील दुरुस्ती ही या नाटकाची पार्श्वभूमी आहे. संमती म्हणजे काय, प्रतिकार केल्याच्या खुणा नसतील तर तो बलात्कार नव्हे काय, ही न्यायालयातील चर्चा पद्मनाभन यांनी दिवाणखान्यात आणली. मराठी वाचकाला येथे विजय तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे' (१९६७) या नाटकाची आठवण होणे स्वाभाविक आहे. तेथेही सभ्य माणसांचा गट एका स्त्रीला खेळता खेळता कोंडीत पकडतो. मात्र बेणारे रंगमंचावर आहे आणि प्रेक्षकाला तिचे म्हणणे ऐकायला मिळते. पद्मनाभन यांच्या नाटकातील पीडित स्त्री अखेरपर्यंत दिसत नाही. तिचा केवळ आवाज आहे आणि त्या आवाजाचे अर्थ इतरांनी ठरवायचे आहेत. प्रेक्षकही खिडकीपाशी उभ्या असलेल्यांपैकीच एक होतो.

४. 'हार्वेस्ट' : विकला जाणारा देह

'हार्वेस्ट' या नाटकाला ग्रीसमधील ओनासिस प्रतिष्ठानाच्या आंतरराष्ट्रीय नाट्यस्पर्धेत १९९७ साली प्रथम पारितोषिक मिळाले. गोविंद निहलानी यांनी त्यावर 'देहम' (२००१) हा चित्रपट केला. नाटकाचा काळ २०१० हा आहे. लिहिले गेले तेव्हा तो भविष्यकाळ होता. आज तो दीड दशकाहून अधिक मागे पडला आहे. विज्ञानकथेची खरी परीक्षा तिने कल्पिलेली तारीख उलटून गेल्यावर सुरू होते, असे म्हणता येईल.

नोकरी गेलेला कारकून ओम आपल्या अवयवांचे हक्क एका बहुराष्ट्रीय कंपनीमार्फत परदेशी ग्राहकाला विकतो. अविवाहित असण्याची अट असल्याने पत्नी जया हिला तो बहीण म्हणून दाखवितो. घरात पहारेकरी येतात, स्वच्छतेची उपकरणे येतात, जेवणाऐवजी रंगीत गोळ्या येतात. छताजवळच्या यंत्रातून गिनी नावाची गोरी तरुणी या कुटुंबाच्या जगण्यावर देखरेख करू लागते. ओमची आई दूरदर्शन संचात इतकी बुडून जाते की शेवटी ती त्या यंत्राचाच भाग होते. ओमचा धाकटा भाऊ जीतू याला चुकून ओमच्या जागी नेले जाते आणि तो डोळे गमावून परत येतो. अखेरीस उघड होते की गिनी मुळात अस्तित्वातच नव्हती. ते एक मोहक चित्र होते. खरा ग्राहक व्हर्जिल नावाचा म्हातारा आहे, त्याने जीतूचे शरीर धारण केले आहे आणि त्याला हवा आहे तो जयाचा गर्भाशय.

या नाटकाची चर्चा सामान्यतः जागतिकीकरण आणि अवयव-व्यापार या अंगाने होते. ती योग्यच आहे. भारतात मानवी अवयवांच्या विक्रीला गुन्हा ठरविणारा कायदा १९९४ चा आणि नवे आर्थिक धोरण १९९१ चे. या दोहोंच्या छेदबिंदूवर हे नाटक उभे आहे. परंतु त्याची रचना बारकाईने पाहिली असता एक वेगळी गोष्ट दिसते. ओमने सौदा केला तो स्वतःच्या देहाचा. प्रत्यक्षात खरेदीदाराचे लक्ष जयाकडे वळते. तिने कोणत्याही कागदावर सही केलेली नाही आणि तिला कोणी विचारलेलेही नाही. तरीही घरातील पुरुषाने केलेल्या करारात ती गृहीत धरलेली आहे. पत्नीला बहीण म्हणविण्याची युक्ती प्रथम विनोदी वाटते. शेवटी तिचा अर्थ लागतो. पत्नी असो वा बहीण, नाते बदलल्याने तिच्या देहाची मालकी तिच्याकडे येत नाही.

शेवटच्या प्रवेशात जया एकटी उरते. व्हर्जिल तिला सुखाचे आमिष दाखवितो. ती दार लावून घेते, काचेचा तुकडा हाती धरते आणि अट घालते : मूल हवे असेल तर यंत्रामार्फत नव्हे, स्वतः ये, आजारपणाची, मृत्यूची जोखीम पत्कर, आणि माझे नाव नीट उच्चार. देहाच्या विक्रीचा व्यवहार ज्या व्यवस्थेत पूर्ण होतो तिथे नावाचा शुद्ध उच्चार ही मागणी क्षुल्लक वाटेल. पण वस्तूला नाव नसते, माणसाला असते. जयाची मागणी तिच्या माणूसपणाची आहे. विज्ञानकथेतील सारे तंत्रज्ञान अशा रीतीने एका साध्या नैतिक प्रश्नापाशी आणून सोडणे हे पद्मनाभन यांच्या कलेचे सामर्थ्य होय.

या नाटकाला 'भविष्यवेधी' म्हणून गौरविण्यापेक्षा आपल्या परिसराशी ताडून पाहणे अधिक उपयुक्त आहे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय-शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये पुढे आला आणि शासनाला चौकशी समिती नेमावी लागली. मजुरीचा दिवस बुडू नये, मुकादमाचा दंड बसू नये म्हणून बाईने गर्भाशय काढून टाकावा, ही घटना कोणत्याही विज्ञानकथेत नव्हती. खानदेशातूनही कुटुंबेच्या कुटुंबे तोडीला जातात. व्हर्जिलला गर्भाशय हवा होता, उसाच्या फडाला तो नको होता. दोन्हीकडे निर्णय गर्भाशय जिचा आहे तिच्याबाहेर होतो.

५. 'एस्केप' आणि 'द आयलंड ऑफ लॉस्ट गर्ल्स' : पुसला जाणारा देह

'एस्केप' ही कादंबरी २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. एका अनाम देशात हुबेहूब एकमेकांसारखे असणारे सेनापती राज्य करतात. प्रतिरूपनिर्मितीच्या तंत्रामुळे प्रजननासाठी स्त्रीची गरज संपली आणि त्यांनी स्त्रीजातीचा समूळ नाश केला. भाषेतही तिचा उल्लेख उपद्रवी किड्यांची जमात असा होतो. एका दुर्गम वाड्यावर तीन भाऊ, 'थोरला', 'मधला' आणि 'धाकटा', मेजी नावाच्या मुलीला लपवून वाढवीत आहेत. औषधे देऊन तिची वाढ रोखून धरली आहे. आपल्यासारखी दुसरी कोणी नाही हेही तिला ठाऊक नाही. ती वयात येऊ लागते तेव्हा तिला देशाबाहेर नेण्याची जबाबदारी धाकट्यावर येते.

हा प्रवास कादंबरीचा मोठा भाग व्यापतो. मुलगा म्हणून वाढविलेल्या मेजीला स्वतःच्या देहात होणारे बदल समजावून सांगणारे एकही स्त्रीमुख जगात उरलेले नाही. आई, आजी, मैत्रीण हे शब्दच तिच्यासाठी रिकामे आहेत. भयाचा सर्वांत तीव्र प्रत्यय येथे येतो. सेनापतींचे सैन्य किंवा उजाड प्रदेश यांहून अधिक भयावह आहे ते हे मौन. त्याचबरोबर पद्मनाभन संरक्षक पुरुषालाही संशयापलीकडे ठेवीत नाहीत. मेजीचे रक्षण करणाऱ्या धाकट्याच्या मनात तिच्याविषयी वासना जागी होते आणि तिच्याशी त्याला झगडावे लागते. रक्षक आणि भक्षक यांच्यातील अंतर फार थोडे आहे, ही जाणीव भयकथेच्या परंपरेतील आहे. पण येथे ती कुटुंबव्यवस्थेला लागू केली आहे.

२०१५ मधील 'द आयलंड ऑफ लॉस्ट गर्ल्स' हा या कथेचा उत्तरार्ध. त्यात धाकट्याचे शरीर शस्त्रक्रियेने स्त्रीचे करण्यात आले आहे आणि जगभरातून छळ सोसून आलेल्या मुलींवर उपचार करणाऱ्या एका बेटाशी कथा येऊन मिळते. रक्षकालाच स्त्रीदेहात राहावयास लावणे ही कल्पना पूर्वार्धातील प्रश्नाचे तर्कसंगत उत्तर आहे. मात्र या बेटाला काशीबाई किंवा रुकैया यांच्या आदर्शलोकाचे तेज नाही. ते रुग्णालयासारखे आहे. एका शतकात स्त्रियांच्या स्वप्नलोकाचे रूपांतर शुश्रूषालयात झाले, ही नोंद साहित्याच्या इतिहासापुरती मर्यादित नाही.

'एस्केप' जळगाव जिल्ह्यात बसून वाचताना ती कल्पित वाटत नाही, याचे कारण आकडे सांगतात. शून्य ते सहा वयोगटातील दर हजार मुलांमागे मुलींचे प्रमाण २००१ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ९१३ होते, ते २०११ मध्ये ८९४ झाले. जळगाव जिल्ह्यात ते ८८० वरून ८४२ पर्यंत खाली आले. गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा करणारे महाराष्ट्र हे देशातील पहिले राज्य. तो कायदा १९८८ चा आणि केंद्राचा १९९४ चा. म्हणजे ही घसरण कायदा असताना झाली. पद्मनाभन यांच्या सेनापतींनी स्त्रिया नाहीशा करण्यासाठी सैन्य वापरले. आपल्याकडे सैन्य लागले नाही. सोनोग्राफीचे यंत्र, घरातील वडीलधाऱ्यांचे मौन आणि एक रिकामी संध्याकाळ एवढे पुरले. 'लाइट्स आउट' मधील भास्करची समंजस कुजबुज आणि 'एस्केप' मधील सेनापतींची फर्माने यांतील अंतर त्यामुळे वाटते तितके नाही.

६. मर्यादा आणि काही प्रश्न

कोणत्याही लेखिकेच्या भूमिकेशी सहमत असणे म्हणजे तिच्या साहित्याचे मूल्यमापन नव्हे. पद्मनाभन यांच्या लेखनाच्या काही मर्यादा स्पष्टपणे नोंदविल्या पाहिजेत.

पहिली मर्यादा 'हार्वेस्ट' च्या शेवटाची. जयाचा विजय तिच्या मृत्यूच्या शक्यतेवर अवलंबून आहे. देहावरचा हक्क सिद्ध करण्यासाठी देह नष्ट करण्याची तयारी दाखवावी लागावी, यात प्रतिकाराची धार आहे तशीच हतबलताही आहे. आत्मनाशातून सन्मान मिळविणारी स्त्री ही आपल्या परंपरेला नवी नाही. त्या परंपरेपासून जया पुरेशी दूर जाते काय, याचे उत्तर नाटक देत नाही.

दुसरी मर्यादा 'एस्केप' ची. मुलीच्या सुटकेची ही कथा बव्हंशी धाकट्याच्या चिंतेतून आणि निर्णयांतून पुढे सरकते. मेजी कुतूहलाने प्रश्न विचारते, परंतु दिशा ठरवीत नाही. सेनापतींचे जगही त्यांच्या क्रौर्यापलीकडे फारसे उलगडत नाही. सत्ता का टिकते, तिला कोणाची संमती आहे, हे 'लाइट्स आउट' ने एका खोलीत जितके दाखविले तितके ही कादंबरी एका देशात दाखवीत नाही.

तिसरी मर्यादा, किंवा तिसरा प्रश्न, प्रस्तुत लेखिकेच्या वर्गातून आला. 'लाइट्स आउट' शिकवीत असताना, स्वतःची आई दुसऱ्यांच्या शेतात निंदणी-खुरपणीला जाते अशा एका विद्यार्थिनीने विचारले, "मॅडम, ती कामवाली काहीच का बोलत नाही?" प्रश्न फ्रीडाविषयी होता. नाटकभर ती स्वयंपाकघरात वावरते, ताटे मांडते, सर्वांना दिसते आणि एकही शब्द उच्चारीत नाही. मालक-मालकिणींच्या बधिरतेवर भाष्य म्हणून लेखिकेने ही योजना केली आहे, असे उत्तर देता येते आणि ते मी दिलेही. पण उत्तर अपुरे होते, हे विद्यार्थिनीच्या चेहऱ्यावरून कळले. किंकाळी फोडणारी स्त्री कोणत्या वर्गातील असेल याची अटकळ दिवाणखान्यातील सारे करतात. ती ज्या वर्गातील असण्याची शक्यता सर्वाधिक आहे त्या वर्गाची एकमेव प्रतिनिधी मंचावर आहे आणि तिला विचारण्याचे पात्रांना सुचत नाही तसे नाटकालाही सुचत नाही. तिच्या मौनाने दिवाणखाना दोषी ठरतो हे खरे. पण तिला काय ऐकू आले हे मात्र कळत नाही.

हा प्रश्न असोद्यात उठावा याला एक औचित्य आहे. १८८० साली याच गावात जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी यांना लिहिता येत नव्हते. शेतात व घरात राबताना रचलेली त्यांची गाणी त्यांच्या हयातीत पुस्तकरूपाने आली नाहीत. ती इतरांनी टिपून ठेवली होती म्हणून १९५२ मध्ये, त्यांच्या निधनानंतर, प्रकाशित झाली. राबणाऱ्या बाईजवळ वाणी नसते असे नाही, तिच्याजवळ ऐकणारा नसतो, हे बहिणाबाईंच्या उदाहरणाने सिद्ध केले. इंग्रजीतील शहरी स्त्रीवादी लेखनाला खानदेशने विचारावा असा प्रश्न हाच आहे : फ्रीडाला काय दिसले?

याच संदर्भात भयसाहित्याच्या एका जबाबदारीचा उल्लेख आवश्यक वाटतो. सातपुड्याच्या दोन्ही अंगांच्या आदिवासी पाड्यांत 'डाकीण' ठरवून स्त्रियांचा छळ झाल्याच्या घटना घडत आल्या आहेत. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या २०१३ मधील हत्येनंतर महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा अस्तित्वात आला आणि एखाद्या व्यक्तीवर करणी-चेटुकाचा आरोप करून तिचा छळ करणे हा गुन्हा ठरला. आपली भयकथा ज्या चेटकिणीवर रंजनाचे इमले बांधते, ती चेटकीण कोठेतरी एक हाडामांसाची, बहुधा एकटी आणि बहुधा जमिनीचा तुकडा नावावर असलेली बाई असू शकते. पद्मनाभन यांनी भयकथेची दिशा उलटी केली. त्यांच्या लेखनात भय स्त्रीचे वाटत नाही, स्त्रीला वाटते, आणि तिला वाटणारे भय खरे असते. मराठी भयकथेने घ्यावा असा हा धडा आहे.

७. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) मंजुला पद्मनाभन यांच्या लेखनप्रवासात स्त्रीदेहाविषयीच्या हिंसेची तीव्रता क्रमाने वाढत जाते. 'लाइट्स आउट' मध्ये तो पाहिला जातो, 'हार्वेस्ट' मध्ये विकला जातो आणि 'एस्केप' मध्ये पुसला जातो. तिन्ही अवस्थांना जोडणारा धागा देहाच्या मालकीचा आहे.

२) विज्ञानकथा आणि भयकथा हे त्यांच्या दृष्टीने दोन स्वतंत्र प्रकार नाहीत. वर्तमानातील एखादी मान्य झालेली गोष्ट थोडी पुढे नेली की विज्ञानकथा होते आणि ती आधीच घडत असल्याचे लक्षात आले की तीच भयकथा होते.

३) त्यांच्या नायिकांचा प्रतिकार किंकाळीपासून नकारापर्यंत आणि नकारापासून स्थलांतरापर्यंत पोहोचतो. तथापि निर्णयाचे पूर्ण स्वातंत्र्य त्यांपैकी एकीलाही मिळत नाही. ही लेखिकेची मर्यादा आहे, तसेच तिने चितारलेल्या समाजाचे वास्तवही आहे.

४) श्रमिक स्त्रीचा आवाज या साहित्यात अनुपस्थित आहे. ही उणीव इंग्रजीतून भरून येणे कठीण आहे. ती मराठीतून, अहिराणीतून, लेवा गणबोलीतून लिहिणाऱ्या स्त्रियांनी भरून काढावयाची आहे.

५) मराठी समीक्षेने विज्ञानकथेकडे विज्ञानप्रसाराचे साधन म्हणून आणि भयकथेकडे रंजनाचे साधन म्हणून पाहण्याची सवय सोडणे आवश्यक आहे. ज्या जिल्ह्यात हजार मुलग्यांमागे ८४२ मुली उरल्या, तेथे स्त्रीविरहित जगाची कथा हा अभ्यासक्रमातील ऐच्छिक भाग राहू शकत नाही.

त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर आजही प्रस्तुत लेखिकेजवळ नाही. पुढील वर्षी नाटक शिकविताना फ्रीडाचे स्वगत लिहून आणण्याचा स्वाध्याय विद्यार्थ्यांना देण्याचे मात्र ठरविले आहे. ज्या भाषेत त्यांना ते सुचेल त्या भाषेत ते लिहावे, एवढीच अट राहील.